वरच्या काकांची मंडळी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका कुटुंबवत्सल माणूस दिल्लीच्या अख्ख्या मयूर विहारात सापडायचा नाही, आणि ते एकटे राहतात. त्यांचं कुटुंब पोटात आहे. नोकरीभर प्रयोगशाळेत जंतू पाहिलेल्या या माणसाने निवृत्तीनंतर स्वतःच्या आतड्यातल्या उपकारी जंतूंचं पालकत्व घेतलं आणि त्यांना नाव दिलं 'मंडळी'. आम्ही पुण्याहून नवे आलो तेव्हा हे ठाऊक नव्हतं. मी कोल्ड्रिंक पुढे केलं तर म्हणाले, "नको, मंडळींना चालत नाही." जुन्या वळणाचा माणूस बायकोला मंडळी म्हणत असेल, असं समजून आमच्या हिने त्यांच्या मंडळींना हळदीकुंकवाचं बोलावणं केलं. काकांनी शांतपणे पोटावर हात ठेवला. "मंडळी इथे असतात. काकू जाऊन सहा वर्षं झाली." ही इतकी ओशाळली की काकांनीच तिची समजूत घातली आणि वाटीभर विरजण देऊन परत पाठवलं.

ते विरजण काकूंनी लग्नानंतर माहेराहून, सांगलीहून आणलेलं. काका रोज त्याचंच दही लावत आणि सोसायटीभर वाटत. सगळे त्याला हिंदीत जामन म्हणत, शेजारच्या पंजाबी आंटी फार तर 'बिरजन'पर्यंत यायच्या, पण एक दिवस सगळे 'विरजण' म्हणतील ही आशा काकांनी सोडली नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने तिसरा गुलाबजाम पुढे केला की हात आडवा धरून म्हणत, "बस, भैया, अंदर भी जनता रहती है." 'आनंदावर विरजण पडलं' हा वाक्प्रचार तर त्यांना मुळीच मान्य नाही. "विरजण पडल्याशिवाय आनंद कसला?" असं ते अगदी मनापासून विचारतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. दोन आठवडे हॉस्पिटल, वर जबर अँटिबायोटिक्स. फुप्फुसांची चौकशी आम्ही केली. काकांनी डॉक्टरांना फक्त मंडळींचं विचारलं. घरी आणलं तेव्हा फ्रिजमधल्या वाटीवर हिरवी बुरशी चढली होती. ती वाटी हातात घेऊन ते बसूनच राहिले. "मंडळी येतील हो पुन्हा. पण तिच्या हातचं एवढंच राहिलं होतं."

आमची मुलगी खाली गेली आणि आमच्या फ्रिजमधली वाटी घेऊन आली. "काका, हे तुमचंच जामन आहे. आई रोज त्याचंच लावते, बिल्कुल सेम." काकांनी चमचाभर तोंडात घेतलं, बराच वेळ तसंच ठेवलं. "विरजण म्हणावं, बाळ," म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

काकूंना आम्ही कधी पाहिलं नाही. पण इतकी वर्षं त्या रोज आमच्या ताटात होत्या, हे त्या दिवशी कळलं. मुलगी हल्ली विरजण म्हणते.