फ्रेमच्या मापाचे आप्पा

आमच्या काकांनी फ्रेम आधी आणली, आत काय लावायचं याचा विचार मागाहून केला. जुन्नरहून नारायणगावला जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांनी नवा बंगला बांधला. हॉलमध्ये सोफा आला, झुंबर आलं, भलामोठा टीव्ही आला, तरी एक भिंत मोकळी राहिली. मोकळी भिंत काकांना सहन होत नाही. ते पुण्याला गेले आणि जुन्या सामानाच्या दुकानातून एक अवजड लाकडी फ्रेम टेम्पोत घालून घेऊन आले. ती कुठल्याशा संस्थानिकाच्या दिवाणखान्यातली आहे, असं दुकानदारानं सांगितलं होतं. टेम्पो जुन्नरला पोचेपर्यंत काकांचा त्यावर विश्वास बसला होता. वास्तुशांत येईपर्यंत त्या संस्थानिकाशी आपली लांबची सोयरीक असल्याचंही त्यांना आठवायला लागलं.

फ्रेमवर चारी बाजूंनी द्राक्षांचे घड कोरलेले होते, वरून सोनेरी मुलामा. "बघ, आपलाच माल," द्राक्षबागायतदार काका मला म्हणाले. चार कोपऱ्यांत पंख फुटलेली चार गुबगुबीत नागडी पोरं होती. काकूला ती अजिबात पसंत नव्हती. "पूजेला बाया येत्याल, काय म्हनत्याल?" कंपाउंडच्या जाळीला रंग द्यायला पेंटर आलाच होता. तिनं त्याच्याकडून चारही पोरांना चॉकलेटी ऑइलपेंटचे लंगोट रंगवून घेतले. संस्थानिकांना जे सुचलं नाही ते काकूनं एका दुपारी उरकलं.

आता आत लावायला तोलामोलाचं काहीतरी हवं होतं. आमच्या घरात तैलचित्र एकच. आजोबांनी, म्हणजे आप्पांनी, तरुणपणी एका फिरत्या चित्रकाराला घरी ठेवून घेऊन ते काढून घेतलं होतं. आप्पा खुर्चीत बसलेले, डोक्याला फेटा, मांडीवर काठी. बाजूला, चित्राच्या अगदी कडेला, आजी उभी. डोक्यावर पदर आणि एक हात खुर्चीच्या पाठीवर. काका तान्हे असतानाच आजी गेली. तिचा फोटो कुणी कधी काढलाच नाही. त्यामुळे काकांना आई आठवत नाही, आणि तेव्हा पाच-सहा वर्षांची असलेल्या आत्यालाही धड आठवत नाही. काकांना कडेवर घेऊन वाढवलं ते या आत्यानं. तिचं सासर आंबेगावात, घोडेगावच्या बाजूला. दिवाळीला माहेरी आली की पाय धुवायची आणि चहाच्याही आधी त्या चित्रासमोर जाऊन उभी राहायची. "मला आईचं तोंड म्हंजी एवडंच," म्हणायची. आम्हा पोरांना ते इतकं सवयीचं झालं होतं की आम्ही तिला हाकही मारायचो नाही.

चित्र आडवं होतं आणि फ्रेम उभी. जुन्नरच्या बाजारातल्या फ्रेमवाल्यानं सुचवलं, फ्रेमच आडवी टांगू. काका म्हणाले, "मग पोरं आडवी पडत्याल की!" मग फ्रेम कापून जोडावी लागेल, असं तो म्हणाला. संस्थानिकाची फ्रेम कापायची म्हटल्यावर काका त्याच्या अंगावरच गेले. राहिलं चित्र. ते काय, कापडच होतं आणि घरचंच होतं. कात्री लागली. कुठली बाजू ठेवायची, असं फ्रेमवाल्यानं विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "आप्पांना मधी घे." हे सगळं त्यांनीच मला नंतर कौतुकानं सांगितलं. आप्पा मधोमध आले, अगदी मापात बसले. आजी मात्र बाहेर गेली. राहिला तो खुर्चीच्या पाठीवरचा तिचा हात, मनगटापर्यंत, हिरव्या बांगड्यांसकट.

वास्तुशांतीला माणूस मावत नव्हता. जो येई तो फ्रेमपुढे उभा राही. "काय नक्षी हाये राव!" पाव्हणे द्राक्षांवरून हात फिरवत होते, मोबाइलमध्ये फोटो काढत होते. आप्पांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. एका चौकस पाव्हण्यानं तेवढं विचारलं, "ह्यो हात कुनाचा?" काकांनी हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "आसंल कामाची बाई. तवा लई मानसं व्हती आपल्याकडं." इतक्या पाव्हण्यांदेखत काकांच्या पाठीत एक धपाटा घालावा, असं मला मनापासून वाटलं.

तेवढ्यात आत्या आली. एसटी बदलत, आहेराची पिशवी सांभाळत आली होती. सवयीप्रमाणे आधी पाय धुतले आणि पदरानं चष्मा पुसत हॉलमध्ये शिरली. पाव्हणे बाजूला झाले.

"अक्का, फ्रेम बघितली का?" काका म्हणाले.

आत्या चित्राच्या डाव्या कडेकडे बघत होती. तिनं चष्मा काढला, पुन्हा पुसला, पुन्हा लावला.

"आई कुटंय?" तिनं विचारलं.

काकांनी माप समजावून सांगितलं. आडवं, उभं, कोपऱ्यातली पोरं, सगळं. आत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कापल्याला तुकडा दे मग." काकांनी तिथल्या तिथं फ्रेमवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून तो खुशीत बोलला, "ते व्हय, भाऊ? जाड कापड व्हतं, वाया कशाला घालवायचं? एका गनपतीच्या फोटूला पाठीमागून लावलं. गिऱ्हाईक कवाच घिऊन गेलं. कोन व्हतं ते न्हाई ध्यानात."

म्हणजे आमची आजी आता तालुक्यात कुणाच्या तरी घरी, गणपतीच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून उभी आहे. काकूनं घाईघाईनं आत्याला जेवायला बोलावलं.

आत्या हलली नाही. रडलीही नाही. पुढे होऊन तिनं त्या हातावर आपला हात ठेवला.

"एवडा हात ऱ्हायलाय," ती म्हणाली. "त्यो तरी कापून दे मला. तुला त्याचा काय उपेग न्हाई."

काकांनी मान खाली घातली. मग त्यांनी वर बघितलं, आत्याकडे नाही, फ्रेमकडे.

"दिला आसता गं अक्का," ते हळूच म्हणाले, "पन तितं भोक दिसंल."