बेंबीची दोरी

मस्कतमधल्या माबेल्याच्या या घरात दोन खोल्या जास्त आहेत, पण खाली मॅडम नाहीत. आधी मस्कतच्याच वादी अदाईला होतो तेव्हा त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या आणि कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. त्या वेस्ट इंडिजच्या. ते नाव मला क्रिकेटमुळे माहीत होतं. तिकडे बायका आहेत आणि त्या कविता करतात, हे कधी मनातच आलं नव्हतं.

माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. इंग्रजीसाठी त्यांच्याकडे जायची. मॅडम पैसे घेत नव्हत्या, म्हणून मी बांगडे तळून पाठवायची. पुढे मीही जाऊ लागले. दाराजवळच्या खुर्चीत बसायचं आणि ऐकायचं. त्या आपल्या बेटांवरच्या बायकांच्या कविता वाचायच्या. शब्द कळत नसत, पण जात्यावर बसल्यासारखा आवाज पुढे झुकायचा, मागे यायचा. मग मुलगी मला मोडकंतोडकं सांगायची. एकीची आई बोटीने विलायतेला गेली, थंडीत आजाऱ्यांची अंगं पुसत राहिली. एक म्हणते, माझे केस असेच कुरळे राहणार. एक आपल्या कमरेबद्दल, छातीबद्दल बोलते, अगदी उघड. ते ऐकताना मी पदर सारखा करायची. पण उठून गेले नाही कधी.

त्या दिवसांत मुलगी घुश्शात असायची. परीक्षा झाली की तिला कॉलेजला पुण्याला पाठवायचं ठरलं होतं. तिचं म्हणणं एकच.

"तिकडे सगळ्या विचारणार, तुझं गाव कुठलं. मी काय सांगू? गावी गेलं की ते सगळे मला मस्कतवाली म्हणतात. इथे मी इंडियन. मी आहे कुठली, आई?"

"रत्नागिरीची," मी म्हणायची.

"मी तिथे टोटल दोन महिने पण राहिले नसेन!"

ती अशीच तुटलेल्या मनाने विमानात बसेल आणि तिकडे कोणाचीच होणार नाही, अशी मला भीती वाटायची.

एका संध्याकाळी मॅडमनी स्वतःची कविता वाचली. वाचता वाचता त्यांनी डोळे पुसले. मी मुलीला विचारलं, काय झालं त्यांना?

"त्या म्हणतात, त्यांची बेंबीची दोरी झाडाखाली पुरलीय. म्हणून कुठेही गेल्या तरी ते झाड त्यांना ओढतं."

"नाडी?" मी म्हटलं. "परकराची नाडी झाडाखाली कशाला पुरली बाईंनी?"

मुलगी हसत सुटली. मॅडमनी विचारलं म्हणून तिने त्यांनाही सांगितलं, तर त्या तिच्यापेक्षा मोठ्याने हसल्या. उठून त्यांनी आपल्या पोटाशी बोट लावलं, मग बाळ हातात घेतल्यासारखं केलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अगं, दोरी नव्हे, नाळ! नाळ म्हणतात तिला."

मुलीला हा शब्द माहीतच नव्हता. मॅडमनी फोनवर झाडाचा फोटो दाखवला. मोठी कातरलेली पानं, हिरवी गोल फळं.

"हा तर नीरफणस! आम्ही काप करून तळतो."

मुलीने सांगितल्यावर मॅडमनी माझा हात धरला. त्यासुद्धा तळतात म्हणे. मग त्यांनी विचारलं, तुमची नाळ कुठे? मी सांगितलं, आमच्या परसात, रातांब्याखाली.

"आणि माझी?" मुलगी म्हणाली.

बाळंतपणाच्या गोष्टी मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. आमच्यात बोलत नाहीत. तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हाही मी पॅडची पिशवी पलंगावर ठेवून स्वयंपाकघरात गेले होते. पण त्या दिवशी बोलले, मॅडमच्या देखत.

ती झाली तेव्हा आम्ही मस्कतहून दोन तासांवर, समुद्राकाठच्या खाबुऱ्याला होतो. हे अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, शेतावर पंपांचं काम बघायचे. जवळ आई नाही, सुईण नाही. एक दिवस आंघोळ घालताना बाळाची वाळलेली नाळ माझ्या हातात आली. आई फोनवर म्हणाली, "कुणाबरोबर तरी पाठव, परसात पुरू." हे म्हणाले, "विमानात कोण नेणार? टाक, खलास कर." मला टाकवेना. रुमालात घेऊन दारात बसले होते, तेवढ्यात अर्बाबची म्हातारी आई खजूर घेऊन आली. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. मी रुमाल उघडून दाखवला. तिने मला दंडाला धरून बागेत नेलं, लिंबाच्या झाडाखाली विळ्याने माती उकरली आणि माझ्या हातांनीच पुरायला लावलं.

"म्हणजे मी खाबुऱ्याची?" मुलीने विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणाले की नाही, मलाच कळलं नाही.

घरी हे रागावले. "आपलं गाव रत्नागिरीत आहे. पोरीला भलतं शिकवू नको." तरी शुक्रवारी सुट्टीला त्यांनीच खाबुऱ्याला जायला गाडी काढली. म्हातारी केव्हाच गेली होती. बाग होती, पण लिंबाची झाडं बरीच झालेली, सगळी सारखी. मला झाड ओळखता येईना. मी रडकुंडीला आले तर मुलगी म्हणाली, "असू दे ना आई. सगळीच माझी." आणि पाटात पाय सोडून बसली. हेसुद्धा तिच्याशेजारी जाऊन बसले.

पुढे मॅडम त्यांच्या देशात परत गेल्या, मुलगी पुण्याला गेली, आम्ही इकडे माबेल्याला आलो. पुण्यातल्या पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला.

"आई, रूममेटने विचारलं, गाव कुठलं. मी म्हटलं, खाबुरा."

"मग?"

"ती म्हणाली, कोकणात ना? मी म्हटलं, हो, समुद्राजवळ. तर म्हणते, मला वाटलंच, तुझं मराठी ऐकून!"

कितीतरी वेळ आम्ही दोघी हसत होतो. मग तिने विचारलं, नीरफणसाचे काप कसे करतात, मंडईत मिळालाय. मी सांगत गेले, आणि ती पहिल्यांदाच न कंटाळता ऐकत राहिली.