उगवत्या ताऱ्याचा पहिला फोटो

सांगावं की नाही, असा विचार करत होतो. पण तुम्ही चहा टाकलाच आहे, तर ऐका माझा पराक्रम. अट एकच, आमच्या गावाचं नाव विचारायचं नाही. चांदूर बाजारच्या पुढे आहे, एवढं पुरे. तिथं जाऊन माझं नाव घेतलंत, तर लोक आधी हसतील आणि मग पाणी विचारतील.

तर आमच्या गावात फुटबॉल क्लब आहे. हो, फुटबॉल! आजूबाजूला सगळीकडे कबड्डी आणि क्रिकेट. आमच्याकडे मात्र पोरगं चालायला लागलं की पहिली लाथ चेंडूला मारतं. क्लबचं नाव 'उगवता तारा'. गेल्या हिवाळ्यात क्लबला पन्नास वर्षं झाली आणि अध्यक्षाचा, म्हणजे माझ्या शाळेतल्या दोस्ताचा, सुधाकरचा, मला अकोल्याला फोन आला.

"विनोद, क्लबचा इतिहास लिवाचा हाय. स्मरणिका काढून राहिलो आमी."

"मी काहून लिहू?"

"तू कॉलेजात शिकवतं ना बे!"

"अरे, मी मराठी शिकवतो."

"मंग? इतिहास काय इंग्रजीत लिवाचा हाय?"

रविवारी गावी गेलो. क्लबचं सगळं दप्तर म्हणजे पत्र्याची एक पेटी. तिच्यात फाटकी जाळी, एक पंप, आणि तळाला हा फोटो! अकरा गडी, अंगात उभ्या पट्ट्यांचे शर्ट, मधोमध कप्तान आणि त्याच्या हातात कप. मागे पेन्सिलीनं एकच शब्द : 'फायनल'.

आता शहाणा माणूस काय करेल? विचारेल. विचारायला माणूसही होता. पहिल्या टीममधले एकटे हयात असलेले देवराव काका, तेव्हाचे गोलकीपर. पण ते मोर्शीला लेकीकडे राहतात, आणि फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. मी म्हटलं, एवढ्यासाठी मोर्शीला कोण जातो? कप हातात दिसतोय, आणखी पुरावा तो काय पाहिजे?

मग मी चेहरे ओळखायला बसलो. कशावरून? मुलांवरून, पुतण्यांवरून! रुंद कपाळ दिसलं की वानखडे, बाहेर आलेले कान दिसले की इंगळे. आणि कप्तानाकडे पाहिलं, तेव्हा मला गलबलूनच आलं. ते ताठ नाक, ती उभं राहायची ऐट... बाबा!

आमचे बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. ते पहिल्या टीममध्ये होते एवढं घरात माहीत होतं, पण खेळाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. का काढला नाही? मी स्मरणिकेत उत्तर लिहून मोकळा झालो : 'मोठी माणसं आपला मोठेपणा सांगत नसतात.'

बरं, मी एकटाच आंधळा असतो तर ठीक. पण अख्खं गाव! फोटो मोठा करून त्याचा फ्लेक्स लावला, तर लोक आपापले वडील पाहायला येऊ लागले.

"आमचे बुढेच हायेत हे, कान पाहा ना!"

एकानं जरा शंका काढली. "पन सर, आमच्या बाबाले मिशी नव्हती."

मी म्हणालो, "तेव्हा असेल."

"हो, तवा असन," तो म्हणाला आणि फोटोला हात जोडले. सुधाकरनं तर त्याच्यापुढची मजल मारली. फोटोत दिसतात तसे उभ्या पट्ट्यांचे शर्ट यंदाच्या टीमसाठी शिवून आणले. परंपरा म्हणून!

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानावर मांडव. पहिल्या रांगेत माझ्यासोबत अकोल्याहून आलेली आई आणि तिच्या शेजारी मुख्य पाहुणे देवराव काका, लेकीचा हात धरून आलेले. मी माइक हातात घेतला. पंचवीस मिनिटं बोललो! कप्तानाकडे बोट दाखवून म्हणालो, "या डोळ्यांतला निर्धार पाहा. ही जिंकणाऱ्याची नजर आहे!" टाळ्या. दोन-तीन बाया तर डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या.

काका उठले. फ्लेक्सजवळ गेले, चष्मा पुसला, डावीकडून उजवीकडे एकेक चेहरा पाहिला. मग मला म्हणाले, "इनोद, हे तं नदीपल्याडची टीम हाय."

माइक चालू होता. अख्ख्या मांडवानं ऐकलं.

"काका, नीट पाहा..."

"मी गोलकीपर होतो. मले इसरन का? चांदूर बाजारच्या फायनलात ह्यायनं आपल्याले सहा गोल मारले. हा कपवाला हाय ना, यानं एकट्यानं चार!"

"मग हा फोटो आपल्या पेटीत कसा?"

"मीच मांगून आनला होता. मनलं, पोरायले दाखवू. ह्यायचे तोंडं ध्यानात ठेवा, पुढच्या साली एकेकाले धरा!" मग त्यांची नजर आमच्या टीमच्या शर्टांकडे गेली. "अन् आपल्या पोरायले त्यायचे कपडे काहून घातले बे?"

इंगळ्यानं हळूच फोटोपुढची उदबत्ती उचलली. मला तोंड लपवायला जागा उरली नव्हती, तरी जीभ काही थांबेना.

"काका, मग आमचे बाबा?"

"तुहे बाबा? खेयले ना. सहावा गोल त्यायनंच मारला."

"बाबांनी? गोल?"

"आपल्याच जायीत."

मांडव असा हसला म्हणता, की झाडावरची पाखरं उडाली. काकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "हसा, पन आइका. त्या दिवशी आमी बैलगाडीत बसून आलो, फोटू काढाले कोनी थांबलं नाही. रस्त्यानं कोनी कोनाशी बोललं नाही. मले वाटलं, सपलं आता. दुसऱ्या दिवशी सकायी मैदानावर आलो, तं याचे बाबा एकटेच काटे येचून राहिले होते. म्हने, देवराव, उद्यापासून रोज खेयू. तवा हा क्लब झाला."

मग कोणी हसलं नाही. मीही खाली बसलो.

स्मरणिका तर छापून झाली होती. रातोरात काय बदलणार? सुधाकरनं प्रत्येक प्रतीत चिठ्ठी घातली : 'पान चारवरील फोटोतील अकराही नावे चुकीची आहेत. बाकी इतिहास बरोबर असावा.' तो 'असावा' खास माझ्यासाठी होता.

परत निघालो तेव्हा ऑटोत आई शेजारी बसली होती. मी म्हणालो, "आई, तू तर पहिल्या रांगेत होतीस. तुला दिसलं नाही, ते बाबा नाहीत म्हणून?"

"दिसलं ना. आलो तवाच दिसलं."

"मग बोलली काहून नाही?"

आईनं पदर सावरला, रस्त्याकडे पाहिलं.

"तू एवढा खुश होता माइकवर. अन् तो गडीबी दिसाले चांगला होता. मनलं, राहू दे."