विलासचा आवाज

विलासला हळू बोलणं माहीतच नव्हतं. शिरोलीत लोखंड ओतायच्या एका फौंड्रीत आम्ही दोघे एकाच भट्टीवर कामाला होतो. तिथे ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही हे खरं, पण हा गडी घरीही तसाच बोलायचा. आमचं घर शेजारीच. त्यांच्याकडे आमटी खारट झाली की मला भिंतीपलीकडे कळायचं. कुणी टोकलं तर म्हणायचा, "पोटात काय ठेवत न्हाई मर्दा, म्हणून मोठ्यानं बोलतो."

त्याची एकुलती एक पोरगी, श्वेता, दम्याची. जिना चढली तरी छाती वाजायची. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. न्यूझीलंडच्या एका कारखान्यात भट्टीवरची माणसं हवी होती, तेव्हा विलास बायको-पोरीला घेऊन गेला. पोरगी जेमतेम चार वर्षांची. निघेपर्यंत त्याची आई त्याच्याशी बोलली नाही.

काही वर्षांनी ते सुट्टीवर आले, तेव्हा विलास माझ्याशी कानात सांगितल्यासारखा बोलू लागला. मला आधी वाटलं घसा बसलाय. मग वहिनींनी सांगितलं. तिथे गेल्या गेल्या एकदा जेवताना त्याने पोरीला नेहमीच्या आवाजात दम भरला आणि शेजाऱ्याने तक्रार केली. दोन सरकारी बायका आल्या. श्वेताला वेगळ्या खोलीत बसवून विचारलं, बाबा मारतात का? प्रकरण तिथेच मिटलं, पण पोरगी काढून नेतील ही धास्ती विलासच्या मनातून गेली नाही. ऐकून मला त्याची कीव आली आणि रागही आला. एवढं कसलं भ्यायचं?

विलासच्या आईचं एकच पालुपद होतं, आता परत जाऊ नका. विलासही डळमळला होता. आमच्या जुन्या साहेबांना नोकरीचं विचारूनसुद्धा आला होता.

उसाचा हंगाम होता. आम्ही दारात उभे होतो आणि रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता. लहानपणी चालत्या ट्रॉलीतला ऊस ओढून खायचो, हे विलासनेच पोरीला रंगवून सांगितलेलं. ती सुसाट पळाली. पहिली ट्रॉली पुढे गेली तशी खाली पडलेलं कांडं उचलायला पोरगी रस्त्यात शिरू लागली. ट्रॅक्टरला मागे दुसरी ट्रॉली जोडलेली असते, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिला कोण सांगणार?

विलासने तोंड उघडलं. "श्वेता, थांब बाळ," एवढंच, तेही मला जेमतेम ऐकू आलं. मी भट्टीवरच्या आवाजात बोंबललो. पोरगी जागच्या जागी थिजली आणि दुसऱ्या ट्रॉलीचं चाक तिच्या पुढ्यातून गेलं.

विलास पायरीवर बसला. म्हणाला, "वरडायचं हुतं गा मला. आवाजच फुटंना."

आईने नातीला पोटाशी धरलं आणि त्याच्यावर कडाडली, "बघितलंस न्हवं काय झालं त्या मुलखात तुझं? आता तरी ऱ्हावा हितं."

विलास पोरीकडे बघत होता. ती रडत होती, पण छाती वाजत नव्हती.

"आई," तो म्हणाला, "ती कशी पळाली बघितलंस का? हितं असती तर दम्यानं चार पावलं बी पळाली नसती."

आई पदराने नातीचे डोळे पुसत राहिली. पुढच्या आठवड्यात ते परत गेले.