डोहाळजेवणातल्या बावीस सह्या

अमेरिकेत बेलव्ह्यूला आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहायचे, तिथलेच. आम्ही त्यांना आजोबा म्हणायचो आणि अर्थ कळल्यापासून त्यांनाही ते आवडायचं. राज्यात त्यांच्या पक्षाची डाळ वर्षानुवर्षं शिजत नव्हती. त्या उन्हाळ्यात सरकारने नवा कर आणला आणि आजोबा पेटले. विधानसभेत मतं कमी पडली म्हणून काय झालं, पुरेशा मतदारांच्या सह्या जमवल्या की कायदा थेट जनतेच्या मताला टाकता येतो, असं त्यांनी मला कुंपणावरून समजावलं. दुखरा गुडघा घेऊन ते रोज किराणा दुकानासमोर उभे राहत. शनिवारी सगळे कागद द्यायचे होते आणि त्यांचा एक अजून कोरा होता. मला कर समजला नव्हता, पण गुडघा समजला. म्हटलं, द्या इकडे.

शुक्रवारी दुपारी माझ्याकडे मैत्रिणीचं डोहाळजेवण होतं. पुण्यात सोसायटीत पाण्यासाठी निवेदन फिरलं की आम्ही न वाचता सही ठोकायचो. त्याच सवयीने मी तो कागद नारळीभाताच्या पातेल्याशेजारी ठेवला. उत्सवमूर्तीने सही केली, बाळंतपणासाठी पंधरा दिवसांपूर्वी आलेल्या तिच्या आईनेही केली.

"अगं, ह्यांची पण करून टाकू का? मीटिंगमध्ये आहेत," एकीने विचारलं.

मी म्हटलं, कर की. अर्ध्या तासात बावीस सह्या झाल्या. मी स्वतःवर बेहद्द खूश.

संध्याकाळी आजोबांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी हळूच विचारलं, यातले इथले मतदार किती? एकही नाही. सगळे व्हिसावर. मतदार नसताना सही करणं हा गुन्हा आहे, हे मला तेव्हा कळलं. आमच्या ग्रीन कार्डाचा अर्ज दोन वर्षं कुठल्याशा टेबलावर पडून होता. आजोबांनी शांतपणे कागदाचे चार तुकडे केले आणि खिशात घातले.

मी ओशाळून त्यांना नारळीभात वाढला. त्यांनी दोनदा मागून घेतला. तरी माझं तोंड गप्प बसेना. इथे नसेन, पण पुण्यात मी मतदार आहे, यादीत नाव आहे माझं, असं मी ठसक्यात सांगितलं.

त्यांना मनापासून आनंद झाला. "मग किती वेळा मत दिलंस?"

मतदानाच्या सुट्टीला रजा जोडून आम्ही दर वेळी महाबळेश्वरला जायचो. खोटं बोलायचं अगदी ओठांवर आलं होतं.

"एकदाही नाही," मी म्हटलं. मला भयंकर लाज वाटली.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. गाडीतून नवा कोरा कागद काढला आणि गुडघा चोळत दुकानाकडे चालू लागले. मी गॅरेजमधली घडीची खुर्ची उचलली आणि त्यांच्या मागे धावले.