बर्गरच्या फोटोखाली ‘जेवलीस का?’

चंपाबाईनं कढईत भजी सोडली, पिठाचा हात पदराला पुसला आन् मोबाईल तोंडाशी धरून ओरडली, "जेवलीस का?"

मोबाईलनं ते लिहून घेतलं. एका बर्गरच्या फोटोखाली.

शेजारी कणसं भाजनारी सविता खिदळली. "मावशे, बर्गरला कोन इचारतं गं जेवलास का म्हनून?"

"बर्गरला न्हाई. माझ्या ज्योत्स्नाला."

ज्योत्स्ना तिची एकुलती लेक. कुसगावच्या फाट्यावरल्या ह्याच भज्याच्या गाडीमागं बसून शिकली आन् पुण्याला ‘बर्गर बाजा’ कंपनीत लागली. काम काय, तर कंपनीच्या नावानं इंस्टावर लिहायचं, समोरच्या ‘झणका चिकन’वाल्यांची खेचायची. ह्यांनी म्हनायचं तुमची कोंबडी म्हातारी, त्यांनी म्हनायचं तुमचा पाव शिळा. लोक हसनार, आन् हसून झालं की मागवनार. चंपाला हे कळलं तवा तिचं डोकंच फिरलं. भज्यावर वाढलेली पोर अन्नाला नावं ठेवते? "आसलंच करायचं आसल तर हितं पाय ठेवू नको," म्हनली. पोरगी पन आईवरच गेलेली. नंबर बदलला, परत आलीच न्हाई.

आता आमच्याकडं भांडन मिटवायला माफीबिफी कोन मागत न्हाई. एकानं इचारायचं, जेवलीस का. दुसऱ्यानं उलटं इचारायचं, तू जेवलीस का. मिटलं. नुसतं व्हय म्हनलं तर भांडन हाय तसंच.

चंपानं माघार घेतली. नंबर नव्हता, पन लेक कुटं बोलते ते तिला ठावं होतं. म्हनून रोज त्या फोटोंखाली तिचं चालायचं, जेवलीस का.

उत्तर यायचं, "हो मावशी! एकावर एक फ्री, लवकर या!" शेवटी लाल बदाम.

"बघ, बदाम दिला," चंपा सविताला दाखवायची. पन उलटं इचारलं न्हाई हे तिला खुपायचं. मग सोताच म्हनायची, "साहेब बसत आसल मागं. कसं इचारंल?"

पावसाळ्यात एक दिवस सविता कणसं तशीच जळत ठेवून आली. "मावशे, झणकावाला मधीच बोललाय बघ तुला!" तिनं वाचून दाखवलं, "मावशी, ते नाही विचारणार, आम्ही विचारतो. तुम्ही जेवलात का?"

खाली ही गर्दी हसत होती. बर्गर बाजानं लगेच टाकलं, "मावशी आमच्या आहेत!" झणकावाला म्हनला, "मग एकदा तरी विचारा त्यांना." दोन्ही कंपन्या एका भजीवालीवरनं कुत्र्यामांजरासारख्या भांडायला लागल्या. लोणावळा फिरायला आलेली पोरं गाडीपुढं थांबायची, मावशीसंगं फोटो काढायची. भजी उरना झाली. चंपाला त्याचं काय? मोटारीतनं कुठली पोरगी उतरली की तिचा झारा हातातच राहायचा. तोंड दिसलं की परत कढईत.

बर्गर बाजाची मानसं क्यामेरा घेऊन आली. "मावशी, बर्गर हातात धरून हसा." चंपानं इचारलं, "ज्योत्स्ना न्हाई आली?" त्यातला एक म्हनला, "कोण ज्योत्स्ना?" "मोठी कंपनी हाय, ह्यांना काय म्हायती आसनार," चंपा म्हनली आन् हसली फोटोसाठी.

झणकावाला मातर सोडंना. रोज तेच, मावशी, जेवलात का?

"दे की गं उत्तर," सविता म्हनली. "बिचारा किती जीव लावून इचारतो."

"त्याला का देऊ? माझ्या लेकीच्या पोटावर पाय देतोय त्यो!" चंपानं मोबाईल तोंडाशी धरला. "तू गप बस मेल्या. माझी लेक बोलंल तवा बोलंल. तू कोन इचारनार?"

लोकांनी लय टाळ्या पिटल्या. बर्गर बाजानं ते वाक्य मोठ्या अक्षरात छापलं, चंपाच्या हसऱ्या फोटोवर. झणकावाल्यानं त्यानंतर पुन्हा कधी इचारलं न्हाई.

चंपा अजून रोज बर्गरखाली इचारते.

दिवाळीत ज्योत्स्नाची मैत्रीण चैताली कणीस घ्यायला थांबली, तवा सविताला कळलं. ज्योत्स्नानं बर्गर बाजा उन्हाळ्यातच सोडलं होतं. तवापासनं झणका चिकनवर उत्तरं लिहायला तीच बसायची.