बेटावरची अभ्यास सहल

हनिमूनला स्वतः कधीच न गेलेला, पण हनिमूनच्या बाबतीत शेवटचा शब्द ज्याचा, असा माणूस त्रिभुवनात एकच आहे आणि तो धुळ्याला देवपुरात राहतो. ते माझ्या बायकोचे मामा. उभी हयात शाळेत भूगोल शिकवण्यात गेली, पण निवृत्त होईपर्यंत समुद्र पाहिला तो भिंतीवरच्या नकाशात. पाण्याशी प्रत्यक्ष ओळख म्हणाल तर गावातल्या पांझरा नदीची, आणि ती बिचारी वर्षातले आठ महिने वाळूतच पडून असते. तरीही आमच्या गोतावळ्यात कोणाचं लग्न होऊन जोडपं अंदमानला निघालं, की अंगावरची हळद उतरायच्या आत त्याला मामांपुढे हजर व्हावं लागतं. मामा चष्मा पुसतात, हातात पट्टी घेतात आणि 'काय करावे' व 'काय खावे' असे दोन भाग पाडून दोघांना वहीत उतरवून घ्यायला लावतात. शेवटी दोघांकडे आळीपाळीने बघत विचारतात, "शंका?" नवी नवरी शंका कसली विचारणार, ती पदराचं टोक चाळवत बसते.

आम्हीही बसलो होतो त्या वर्गात. "जावईबापू, अंदमान आपल्यापासून अठरा रेखांश पूर्वेला. एका रेखांशाला चार मिनिटं. म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा किती आधी उगवणार?" माझं उत्तर चुकलं. मामांनी ते भाचीकडून काढून घेतलं आणि तिनं कसल्या माणसाशी लग्न केलं आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटलं. ते उत्तर बहात्तर मिनिटं होतं आणि ते मी जन्मात विसरणार नाही, कारण त्यापायी लग्नानंतरच्या सहाव्या दिवशी आम्ही पहाटे साडेचारला किनाऱ्यावर जांभया देत उभे होतो. सूर्य वेळेवर उगवला. बायको मात्र जेवणाच्या वेळेपर्यंत माझ्याशी बोलली नाही, जणू रेखावृत्तं मीच आखली होती.

खाण्याचा भाग तर ऐकण्यासारखा. मामा माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. पण "केळीच्या पानात भाजलेला मासा खा, काटा शेपटीकडून सोडवा, नारळाच्या रसातली कोळंबी गरम असतानाच संपवा" हे ते अशा तब्येतीत सांगतात की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. सांगताना एक हात गळ्यातल्या माळेवर असतो, देवानं गैरसमज करून घेऊ नये म्हणून. मी एकदा विचारलंच, तर म्हणाले, "मला चालत नाही म्हणून पोरांना उपाशी ठेवू काय?"

हे सगळं चालू असताना मामी आत चहा टाकत असायच्या. मामी साक्रीकडच्या, बोलणं अजून माहेरचं, अहिराणीच. कप ठेवता ठेवता एकदा त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बठ्ठास्ले धाडतस. माले कव्हय लई जाशात?" सगळ्यांना धाडता, मला कधी नेणार, हे ऐकताच मामांनी नकाशात डोकं घातलं. नोकरीत होते तेव्हा कारण तयार असे: समुद्र शांत तेव्हा शाळा चालू, आणि शाळेला सुट्टी तेव्हा समुद्र खवळलेला. निवृत्तीनंतर तेही राहिलं नाही. खरी गोष्ट अशी की मामांना लाज वाटत होती. परक्या पोरांना हनिमूनला पिटाळणारा हा माणूस स्वतःच्या बायकोबरोबर पेठेत निघाला तरी चार पावलं पुढे चालायचा. "या वयात हनिमून? लोक काय म्हणतील?" एवढंच पालुपद. इकडे मामींचे गुडघे दरवर्षी थोडे थोडे जात होते. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, हिंडायचं असेल तर आताच हिंडून घ्या. मामींची इच्छा तरी केवढी, तर एकदा समुद्रात पाय बुडवायचे.

शेवटी माझ्या बायकोनं डोकं चालवलं. म्हणाली, "मामा, हनिमून कशाला म्हणता? अभ्यास सहल म्हणा." मामांचा चेहरा असा खुलला की दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या सहलीतली शिट्टी शोधून काढली. जळगावहून मी दोघांच्या बरोबर द्यायला भरताची वांगी घेऊन गेलो, कारण खानदेशी माणूस आठ दिवस भरताशिवाय राहणार कसा? आणि खरं भरीत कपाशीच्या काड्यांवरच भाजायचं, म्हणून मामांनी काड्यांची एक जुडीही पिशवीत घातली. विमानतळावर तपासणीच्या माणसानं ती वर धरली. मामांनी त्याला हिंदीत भरताचा सगळा विधी समजावला, मागे रांग खोळंबली, आणि वांगी विमानात चढली, काड्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी फोन आला. मामा शुद्ध बोलणारे, अहिराणी त्यांच्या तोंडून फक्त रागात किंवा गहिवरात निघते. "जावईबापू, समुद्र दखा मी. बठ्ठा निळा शे, बठ्ठा!" आणि एवढ्यावरच फोन ठेवून दिला.

बाकीचं मामींनी सांगितलं. रोज सकाळी शिट्टी वाजवून हजेरी व्हायची: पट एक, हजर एक. वांगी मुक्कामाच्या ठिकाणच्या आचाऱ्यानं नारळाच्या सोडणांवर भाजून दिली. ते भरीत मामांना आपल्याकडच्यापेक्षाही आवडलं, पण ही गोष्ट जळगावात कोणाला सांगायची नाही अशी शपथ त्यांनी मामींना घातली होती. आणि पाण्याचं म्हणाल, तर मामी चपला काढून पुढे गेल्या आणि मामा त्या चपला हातात धरून कोरड्या वाळूत उभे राहिले. एक लाट आली, मामींचा गुडघा लटपटला, त्या कलल्या. मामा बूट-मोज्यांसकट धावत पाण्यात शिरले. चपला समुद्रानं नेल्या. "मंग लोकेस्ना मोरे मन्हा हात धरा त्यास्नी," मामी म्हणाल्या, "सूर्य बुडेपर्यंत सोडा नई." चारचौघांदेखत धरलेल्या त्या हाताचं सांगताना साठीच्या मामी अशा लाजल्या की पदराचं टोक चाळवत बसल्या.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मामी हल्ली ओट्याच्या दोन पायऱ्याही उतरत नाहीत. पण वर्ग चालू आहे. गेल्या महिन्यात पहूरचं एक जोडपं आलं होतं, मीही तिथंच होतो. पट्टी फिरली, बहात्तर मिनिटं झाली, केळीच्या पानातला मासा झाला. "शंका?" मामांनी विचारलं. शंका कोणालाच नव्हती. एरवी मामा इथं वही मिटतात. त्या दिवशी मात्र आतल्या खोलीकडे बघत म्हणाले, "एक लिहून घ्या. लाट यायची वाट बघू नका. हात आधीच धरा."

मग पट्टी खुंटीला लावून ते आत गेले. मामींचे गुडघे शेकायची वेळ झाली होती.